शिट्टीनंतरचा चेंडू

१

ऑर्विल टिबेट्स पंचांच्या खोलीत बाकापाशी उताणे पडले होते, आणि त्यांच्या तोंडात निळी पिशवी कोंबलेली होती.

मार्लीनला आधी पिशवी दिसली. मग डोकं. डाव्या कानावरचं हाड आत गेलं होतं आणि तो डोळा जागा सोडून वर सरकला होता. कितवा डाव चालू आहे ते दाखवायचा लोखंडी खांब शेजारीच आडवा होता. त्याच्या टोकाला डॅडींचे पांढरे केस चिकटले होते. भिंतीवर, छतावर, लॉकरच्या जाळीवर रक्त होतं. मारणारा एका घावावर थांबला नव्हता.

"मिस मार्लीन, बाहेर या," स्टेडियमचा रखवालदार मागून म्हणाला. "हात नका लावू कशाला."

तिने वडिलांचा हात धरलेला होता. बोटांत अडकवायची ती छोटी शिट्टी अजून उजव्या हाताच्या बोटांतच होती.

बाहेर मेस्किट फ्लॅट गाव स्वतःलाच बडवून घेत होतं. पार्किंगमध्ये माणसं ट्रकमधून रेंच आणि बॅटी काढून पाहुण्यांच्या बसवर तुटून पडली होती. एकाचा जबडा लटकत होता आणि तो तसाच ओरडत होता. या गर्दीतून रुग्णवाहिका आत येईना. आणि आली असती तरी आता काही उपयोग नव्हता.

भांडण शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यातल्या एका चेंडूवरून होतं. सामना संपता संपता मेस्किट फ्लॅटच्या म्युलरच्या पोराने पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, असा धक्का दिला की चेंडू उडाला. पोराने तो उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपार नेला. गाव नाचायला लागलं. तेवढ्यात मुख्य पंच ऑर्विल टिबेट्स यांनी दोन्ही हात कमरेसमोर आडवे फिरवले: अपुरा पास. फेकणाऱ्याचा हात पुढे येत असताना चेंडू सुटला, तर तो नुसता फसलेला पास. त्याआधी सुटला तर फंबल, आणि फंबल ज्याच्या हाती लागेल त्याचा. एवढ्याशा फरकाने मेस्किट फ्लॅटचा हंगाम संपला होता.

अशा सामन्यानंतर ऑर्विलचा नियम ठरलेला होता. चिडलेल्या गावात अंघोळीचा नळ सोडायचा नाही. पाचही पंचांनी घामेजल्या पट्ट्यांच्या शर्टातच गाडीत बसायचं, काउंटीची हद्द ओलांडायची आणि मग कुठेतरी जेवायचं. मार्लीन लहानपणापासून त्या जेवणांना जात आली होती. आजही त्यासाठीच आली होती.

ती बाहेर आली तेव्हा नील पॅक्स्टन ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. ओले केस मागे सारलेले, अंगात साधा शर्ट, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबलेले. वीसेक वर्षं तो डॅडींच्या चमूत मधला पंच होता. तिच्या लग्नात नाचला होता आणि घटस्फोटानंतर तिचं सामानही त्यानेच वाहिलं होतं.

"नीलकाका," ती म्हणाली, "डॅडी..."

"पोरी, मी त्याला एकटं सोडायला नको होतं," नील म्हणाला आणि रडू लागला.

त्याच क्षणी पार्किंगपलीकडून कुणीतरी ओरडलं, "क्लेट म्युलरला धरलाय. हात रक्ताने माखलेत त्याचे."

२

शेरीफच्या कचेरीतला तपास अधिकारी रुबेन साल्सेडो हा कमी बोलणारा, जाडजूड माणूस होता. त्याने मार्लीनपुढे कॉफी ठेवली आणि ती प्यायली नाही तरी उचलली नाही.

"क्लेट म्युलर. त्या पोराचा बाप. वेल्डिंगचं दुकान आहे," तो म्हणाला. "सामना संपल्यावर पंचांच्या लोखंडी दारावर इतके गुद्दे घातले की बोटांची सालं निघाली. आमच्या माणसांनी हाकलून दिला. थोड्या वेळाने तो परत त्याच दारापाशी जाताना लोकांनी पाहिला."

"बाकीचे पंच कुठे होते?"

"तिघं आधी गाड्यांकडे गेले, बंदोबस्तात. तुमचे वडील मागे राहिले. पॅक्स्टन म्हणतो, तो जरा वेळाने निघाला तेव्हा टिबेट्स धडधाकट होते. इथला कोच बक लॅम्बर्ट तर मैदानावर पोरांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करत होता आणि नंतर रेडिओवाल्यांपुढे शिव्या गिळत होता. त्याला शेकडो साक्षीदार आहेत."

"डॅडी मागे का राहिले?"

"ते कळलेलं नाही." साल्सेडोने कपाळ चोळलं. "पण ती पिशवी. ती काय असते, ठाऊक आहे तुम्हाला?"

मार्लीनला ठाऊक होतं. ही तर आईने शिवलेली होती, आत राजम्याचे दाणे. पंच ती कमरेच्या पट्ट्यात खोचतात. मैदानात चेंडू कुणाच्या हातून निसटला की ती जागा लक्षात राहावी म्हणून तिथे टाकतात.

"म्हणजे फंबलची खूण," साल्सेडो म्हणाला. "पॅक्स्टननेही हेच सांगितलं, मी विचारायच्या आत. मारणाऱ्याने तोंडात कोंबून सांगितलंय: फंबल होता, थेरड्या, फंबल म्हण. असा राग बापाचाच असतो."

पटण्यासारखं होतं. मार्लीनलाही ते पटायला हवं होतं, कारण क्लेट म्युलरचा गळा डोळ्यांपुढे आणला की तिला श्वास घेता येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी टिबेट्सांच्या घराच्या पत्रपेटीवर बंदुकीचा बार काढला. पत्र्याला पडलेल्या भोकांतून पलीकडचं गवत दिसत होतं. मार्लीनने ती पेटी खांबावरून उपटली, ट्रकमध्ये टाकली आणि थेट कोच लॅम्बर्टच्या कचेरीत गेली.

३

"या," बक लॅम्बर्ट म्हणाला. त्याने दाढी केलेली नव्हती. "तुम्ही शिव्या द्यायला आला असाल तर बसूनच द्या."

"चित्रफीत दाखवा."

"बाई, बाप गेलाय तुमचा. ती पाहून काय मिळणार?"

"दाखवा, कोच."

ही मनोऱ्यावरून घेतलेली, कोच लोकांच्या कामाची चित्रफीत होती, आवाज नसलेली. लॅम्बर्टने डाव लावला. क्वार्टरबॅक मागे गेला, म्युलरचं पोर कडेने आलं, धक्का बसला आणि चेंडू उडाला.

"परत. सावकाश."

सावकाश लावल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. क्वार्टरबॅकचा हात अजून कानामागेच होता. चेंडू आधी सुटला आणि रिकामा हात नंतर पुढे आला.

"फंबल," लॅम्बर्ट हळूच म्हणाला. "मेलेल्या माणसाला वाईट म्हणू नये, पण सूर्य पश्चिमेला मावळतो एवढा सरळ फंबल."

मार्लीनने पडद्यावरचे डॅडी पाहिले. ते मागेच उभे होते, गुडघे किंचित वाकवून, नजर चेंडूवर. इतक्या जवळून हा माणूस चुकणार नाही.

"तुमच्या बापाचं एक कळलं नाही मला," लॅम्बर्ट म्हणाला. "सामना संपला, लोक थुंकतायत, बाटल्या मारतायत. हा माझ्याजवळ येऊन म्हणतो, तुझ्या त्या म्युलरला माझ्याकडे पाठव, मला त्याला काही सांगायचंय. मी म्हटलं, आधी नरकात जा."

"पंच खेळाडूशी बोलत नाहीत. सामन्यानंतर तर नाहीच."

"तेच तर. मी क्लेटला सांगितलं, म्हातारा तुझ्या पोराला बोलावतोय. चूक झाली माझी. तो आधीच पेटला होता."

"पुन्हा लावा," मार्लीन म्हणाली. "चेंडू सोडून बाकीचं बघू द्या."

या वेळी तिने चेंडूकडे पाहिलंच नाही. पाहुण्यांच्या पुढच्या फळीतले तीन आडदांड गडी समोरच्यांना ढकलत होते. चेंडू जमिनीवर पडला आणि तिघांचे खांदे एकदम सैल झाले. ते ताठ उभे राहिले. एकाने तर हात कमरेवर ठेवले. चेंडू मोकळा असताना असं कोणी उभं राहत नाही. शिट्टी ऐकली तरच राहतं.

आणि डॅडींचा उजवा हात, बोटांत शिट्टी असलेला, अजून मांडीपाशीच होता.

"थांबवा," ती म्हणाली. पडद्याच्या मध्यभागी आणखी एक पट्ट्यांचा शर्ट होता. त्या माणसाचा हात डोक्यावर जायला निघाला होता, शिट्टी फुंकून डाव थांबवताना जातो तसा. कानापर्यंत गेला आणि झटक्यात खाली आला.

तो नील पॅक्स्टन होता.

४

काउंटीच्या तुरुंगात क्लेट म्युलरचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता. कोठडीतल्यांनी त्याला साबणाची वडी घातलेल्या मोज्याने मारलं होतं. वरचे दोन दात नव्हते.

"पाहायला आलीस?" तो म्हणाला. "बघ. तुझ्या बापाला दिसत नव्हतं, तुला तरी दिसतंय का?"

साल्सेडो भिंतीला टेकून उभा होता. मार्लीनने पिशवीचा फोटो काचेला लावला.

"हे काय आहे, मिस्टर म्युलर?"

क्लेटने चांगला डोळा जवळ आणला. "काय आहे? हात कोरडे करायची पिशवी? बेसबॉलवाले वापरतात तसली?"

"तुम्ही लहानपणापासून फुटबॉल पाहताय."

"बाई, मी चेंडू पाहतो. पंचांच्या कमरेला काय लटकतं ते कोण बघतं? पिवळा रुमाल तेवढा कळतो मला." तो हसला आणि ओठातून रक्त आलं. "तुझ्या बापाच्या तोंडात मला काही घालायचं असतं ना, तर तो पिवळा रुमाल घातला असता. घशाखाली. दांडक्याने ढकलून."

मार्लीनने फोटो खाली केला नाही. या माणसाच्या रागाला पिशवी माहीतच नव्हती. मैदानाभोवतीच्या त्या हजारो माणसांत पिशवीकडे पाहून फंबल हा शब्द ऐकू येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ज्याला तो इतका मोठ्याने ऐकू येतो, त्याच्या हे ध्यानातच येत नाही की बाकीच्यांना तो ऐकू येत नाही.

"तुम्ही परत का गेला होता?"

"कोच म्हणाला, म्हाताऱ्याला पोराशी बोलायचंय. म्हटलं, माझ्या पोराशी काय बोलायचंय ते माझ्या तोंडावर बोल. दार आतून बंद. ठोकलं. कोणी उघडेना. आत अंघोळीचं पाणी चालू होतं, चांगलं धो-धो. मी शिवी हासडली आणि निघालो. हे शंभरदा सांगितलंय या ढेरपोट्याला."

"सांगितलंय," साल्सेडो म्हणाला. "मी लिहून घेतलं. त्यात काय विशेष, असं वाटलं."

मार्लीन खुर्चीवरून उठली. ट्रकची फळी, मांड्यांत दाबलेले हात आणि मागे सारलेले ओले केस तिच्या डोळ्यांपुढे आले.

५

"मुद्दाम सावकाश बोलतोय," साल्सेडो गाडीत म्हणाला, "कारण मला फुटबॉल कळतो, पंच कळत नाहीत. पॅक्स्टनने चुकून शिट्टी फुंकली. मग?"

"शिट्टी वाजली की डाव मेला. चेंडू घेऊन नंतर कोणी चंद्रावर गेला तरी. चूक कबूल केली असती तरी चेंडू पाहुण्यांकडेच राहिला असता. निकाल तोच."

"मग तुमच्या वडिलांनी खोटी खूण का केली?"

मार्लीन समोरच्या सपाट, पिवळ्या कुरणाकडे पाहत होती. "चमूतल्या माणसाला उघडं पाडायचं नाही म्हणून. आठ हजार लोकांपुढे 'याने घात केला' असं म्हटलं असतं, तर नीलकाका जिवंत बाहेर पडला नसता. त्यांनी ती अंगावर घेतली. मग खोलीत त्याला सांगितलं असेल, पंचांच्या संघटनेला मी खरं कळवणार, आणि त्या पोरालाही सांगणार. त्या पोराने आयुष्यातला सगळ्यात चांगला धक्का मारला होता. नीलकाकाला या वर्षी कॉलेजच्या सामन्यांसाठी निवडलंय. वर्षानुवर्षं तो त्याच एका गोष्टीची वाट पाहत होता. अशी शिट्टी कळली की ते गेलं."

"सिद्ध कसं करायचं? पाणी, केस, पिशवी. वकील हसेल."

"त्याचा शर्ट. त्यावर रक्त असणार."

"तो म्हणतो, दंगलीत बॅग चोरीला गेली."

साल्सेडोने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मिस मार्लीन, हे उघडं केलं तर सगळ्या टेक्सासला कळेल की ऑर्विल टिबेट्सचा शेवटचा निर्णय खोटा होता. जाणूनबुजून. आणि ते तुम्ही करणार, कशासाठी, तर तुमच्या पत्रपेटीवर बार काढणाऱ्यांच्या गावातला एक दांडगट सुटावा म्हणून. नाही केलंत तर मी तुम्हाला दोष देणार नाही."

तिला वडिलांच्या बोटांतली शिट्टी आठवली. तोंडात धरली की तीच आपल्याऐवजी विचार करायला लागते, असं ते म्हणायचे. म्हणून हातात. हात वर न्यायला लागतो तेवढ्यात माणसाला खरं काय ते दिसतं.

"मंगळवारी शवपेटी चमूच उचलणार आहे," ती म्हणाली. "आमच्यात रीत आहे. शेवटच्या सामन्यात घातलेले शर्ट, न धुतलेले. मी आज सगळ्यांना फोन करून आठवण देते. काय होतं ते बघू."

६

चर्चच्या बाजूच्या खोलीत चमूतले चौघे उभे होते. शेजारच्या हॉलमध्ये बायका भाजलेलं मांस आणि बीन्सची पातेली मांडत होत्या. झाकणांचे आवाज येत होते. तिघांच्या शर्टांवर वाळलेला घाम, गवताचे डाग, एकाच्या बाहीवर बाटलीतलं कोक. त्या शर्टांना वास येत होता. चौथा शर्ट कोरा करकरीत होता, आणि छातीवर पाकिटातल्या घडीच्या रेघा होत्या.

"काका, हा नवा आहे," मार्लीन म्हणाली.

"बॅग गेली ना, पोरी. कालच घेतला."

"बॅग गेली तेव्हा शर्ट बॅगेत होता?"

"हो."

"मग ट्रकवर तुम्ही काय घालून बसला होतात? चिडलेल्या गावात कोणी अंगावरचा शर्ट उतरवत नाही. या तिघांनी उतरवला नाही." ती तिघांकडे वळली. "तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी अंघोळ केली?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडेच्या रेषेवरचा पंच म्हणाला, "ऑर्विलने कातडं सोललं असतं."

"तुमचे केस ओले होते, काका. क्लेट म्युलरने दाराबाहेरून पाण्याचा आवाज ऐकला. आणि शिट्टी तुमची होती. चित्रफितीत तुमचा हात दिसतो."

नीलने साल्सेडोकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याचा चेहरा आधी म्हातारा झाला आणि मग एकदम रिकामा.

"मी त्याच्या पाया पडलो," तो म्हणाला. "म्हटलं, ऑर्विल, तू हात फिरवलास ना, झालं, विषय मिटला. तो म्हणे, ते तुला वाचवायला होतं, आता त्या पोराची पाळी. मला वाचवलं आणि त्याच तासात विकलं. फंबल, फंबल, फंबल. एकच शब्द. मी म्हटलं, घे मग."

घडीची लोखंडी खुर्ची त्याने कधी उचलली ते कोणाला दिसलं नाही. पहिला फटका साल्सेडोच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा मार्लीनच्या खांद्यावर. ती भिंतीवर आदळली. तिसरा तिच्या डोक्यासाठी होता. खुर्ची वर गेलेली तिने पाहिली, आणि काकाच्या डोळ्यांत तिला ओळखीचं काहीच सापडलं नाही. मग ते तिघे घाणेरडे शर्ट त्याच्यावर पडले. एकाने त्याचं तोंड फरशीवर आपटलं, परत आपटलं, आणि फरशीवर दात घरंगळले.

"पुरे," साल्सेडो मोडका हात छातीशी धरून म्हणाला. "पुरे रे. मला तो बोलता पाहिजे."

हॉलमध्ये कोणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं.

७

क्लेट म्युलरला दुपारी सोडलं. दफनविधी उरकला होता. तो चर्चच्या पायऱ्यांपाशी आला, बंद डोळ्यावर पट्टी, शेजारी त्याचा मुलगा वेड. त्याच्याएवढाच उंच आणि त्याच्या दुप्पट गप्प.

"मी आभार मानायला आलेलो नाही," क्लेट म्हणाला. "मी काही केलंच नव्हतं."

"ठाऊक आहे," मार्लीन म्हणाली. तिचा दुखावलेला हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. "मला वेडशी बोलायचंय. डॅडींचं एक काम राहिलंय."

पोराने मान वर केली.

"तो फंबल होता, वेड. तुझा धक्का स्वच्छ होता, चेंडू आधीच सुटला होता. माझ्या वडिलांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्याची शिट्टी चुकून वाजली म्हणून त्यांनी वेगळी खूण केली. ते तुला हेच सांगायला थांबले होते."

"ऐकलंस?" क्लेट म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "मी काय बोंबलत होतो? अख्ख्या गावाला काय सांगत होतो मी? शिट्टी कुठे वाजली होती? कोणी ऐकली?"

वेड बुटाच्या टोकाने पायरीवरची माती उकरत होता.

"मी ऐकली होती," तो म्हणाला.

क्लेट वळला.

"चेंडू उचलायच्या आधीच वाजली. मला कळलं होतं, डाव मेलाय." पोर बापाकडे पाहत नव्हतं, मार्लीनकडे पाहत होतं. "पण तुम्ही कुंपणावर लटकून ओरडत होतात, बाबा. पळ, पळ. मग मी पळालो. आणि मग सगळे एवढे चिडले की सांगताच येईना."

क्लेट म्युलरचा हात वर गेला. पोर हललं नाही. त्याने नुसते डोळे मिटले, सवय असल्यासारखे. मार्लीन मध्ये आली नाही. तिने फक्त त्या हाताकडे पाहिलं, सालं निघालेल्या, खपल्या धरलेल्या हाताकडे. तो कानापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

बराच वेळ तो तसाच होता. मग क्लेटने तो खाली आणला आणि तो पायरीवर बसला.

"बस इथे," तो पोराला म्हणाला. "मला नीट सांग. पहिल्यापासून."